दहा आणि वर एक

१

मी बोलणारा माणूस. लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. घरात मी दहा मिनिटं गप्प बसलो तर नीता कपाळाला हात लावून ताप बघते, आणि ऑफिसात माझी मीटिंग असली की पोरं आधीच कॉफीचे मोठे मग भरून आणतात. पण शेजारच्या फ्राउ केसलर, म्हणजे केसलरबाई, म्हणाल्या, रोज थोडं लिहा, तुमच्या स्वतःच्या भाषेत, आणि जे जसं घडलं त्याच क्रमाने लिहा. बाईंचा शब्द मोडायची हिंमत आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, माझी बायको नीता आणि नऊ वर्षांची उर्जा. उर्जाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत आहे. आणि या उन्हाळ्यात आमच्याकडे बाबा आलेत, तीन महिन्यांच्या व्हिसावर.

बाबांचं, म्हणजे भास्कररावांचं, कऱ्हाडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी दुकानातच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता काहीच येत नाही. आई आधीच गेलेली, मी एकुलता एक. आतापर्यंत एक मामेभाऊ बघत होता, पण त्याची आता बदली झालीय. व्हिसा संपला की बाबांना तिकडच्या एका वृद्धाश्रमात जायचंय. तिथल्या माणसाने फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "हवं-नको सांगू शकतात का?" सांगता येत असेल तर खिडकीची खोली. नाहीतर मागचा हॉल, तिथे वेळ झाली की खाऊ घालतात आणि वेळ झाली की कूस बदलतात.

पाणी, दुखतंय, नको. एवढे तीन शब्द यायला हवे होते. माझ्याकडे सहा आठवडे उरले होते.

२

फ्राउ केसलर तळमजल्यावर राहतात. निवृत्त लोगोपेडिन, म्हणजे वाचा गेलेल्यांना परत बोलायला शिकवणाऱ्या. आठवड्यातून दोनदा वर येऊन बाबांसमोर आ, ऊ, ई करायच्या. बाबा त्यांच्याकडे सभ्यपणे बघत राहायचे. शेवटी बाई मला म्हणाल्या, "आल्झो, तर मग, या माणसाने आयुष्यभर कोणता आवाज ऐकला, तो आणा."

मी त्याच दिवशी सामान मागवलं. खिशात मावेल असा रेडिओ करायचा, पण नुसता रेडिओ नाही. त्यात घड्याळ, तापमान, टॉर्च आणि रेकॉर्डर. वर एक मोठं लाल बटण, दाबलं की रेकॉर्ड केलेलं वाजेल. बाबा बोललेच नाहीत तर निदान त्यात माझ्या आवाजात 'पाणी' भरून द्यायचं, हा माझा गरज पडलीच तर ठेवलेला दुसरा डाव होता. डबी म्हणून प्लास्टिकची साबणदाणी घेतली, कारण बाबांनी त्यांचा पहिला ट्रान्झिस्टर साबणदाणीतच बसवला होता.

ज्याला तीन शनिवार गेले असते ते काम मी रजा टाकून तीन दिवसांत संपवलं. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून बघायचे. सोल्डरिंगचा धूर आणि राळेचा वास त्यांच्यापर्यंत गेला की नाकपुड्या हलायच्या. एकदा मी एक वायर उलटी लावली तर त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. म्हटलं, अहो लक्षात आलंय माझ्या, आणि मग बघितलं तर खरोखरच उलटी होती.

शनिवारी सकाळी दहा वीसला सेट पुरा झाला. माइक तपासायला मी तोंडापाशी धरला आणि न विचार करता बाबांसारखं मोजलं, "लाभ, दोन, तीन." बाबा कधी 'एक' म्हणायचे नाहीत. आमचे आजोबा कऱ्हाडच्या बाजारात मापाडी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, आणि दहा मापं झाली की वर एक. मोजायला घेतलं की दहा आणि वर एक झाल्याशिवाय माप खाली ठेवायचं नाही. बाबा माइकसुद्धा असाच तपासायचे, अकरापर्यंत. लहानपणी मी मध्येच सोडलं तर टपली बसायची. "अर्धं टाकू नये, चंदू."

पण आवाज पकडतोय हे तिनातच कळलं होतं. मी थांबलो आणि लाल बटण दाबलं.

"लाभ, दोन, तीन," माझा आवाज. आणि मग जरा थांबून, "चार."

३

मी चार म्हटलं असणार. माणूस बोलतो आणि विसरतो. नीता म्हणते, तू तर बोलतोस ते सगळंच विसरतोस.

रविवारी नाश्ता झाल्यावर पुन्हा बटण दाबलं. लाभ, दोन, तीन, चार आणि "पाच". नीता डिशवॉशर भरत होती, ती वळली. "बाबांसारखा काढलास आवाज," म्हणाली. मी मान हलवली. मी असा कोणताच आवाज काढला नव्हता.

सेट लॅपटॉपला जोडून फाइल बघितली. लांबी तीन सेकंद. तीन सेकंदांत पाच आकडे एवढ्या सावकाश बसत नाहीत. मग चिपच्या आतल्या मेमरीत आधीचा काही कचरा राहिला असेल, असं मी स्वतःला समजावलं. माझा पगारच अशा कचऱ्याचा शोध घेण्याचा आहे. कचरा मराठीत का बोलतो, हा प्रश्न मी पुढच्या मीटिंगसाठी ठेवला.

त्या दिवशी नीता बाबांच्या उजव्या हाताला तेल लावत होती. तो हात दोन वर्षं मांडीवर मूठ वळून पडलेला असतो. ती म्हणाली, "अहो बाबा, मूठ सुटली की तुमची." खरंच सुटली होती. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकला होता. बाबा पेरांवर मोजायचे ते करंगळीच्या मुळापासून. तीन पेरं करंगळीची, चौथं अनामिकेचं खालचं, पाचवं मधलं.

मी नीताला तेव्हा हे सांगितलं नाही.

४

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी मी ती फाइल पुसून टाकली. बटण दाबलं. सहा. मंगळवारी मेमरीचं कार्डच काढून टेबलावर ठेवलं. आता बटणाला वाजवायला काही उरलंच नव्हतं, आणि ते वाजलंही नाही. मला हायसं वाटलं, थोडं वाईटही वाटलं.

मग रेडिओ लावून मध्यम लहरींचा पट्टा सहज फिरवला. इथली ती केंद्रं कधीच बंद पडलीत, दिवसा त्या पट्ट्यावर नुसती खरखर असते. खरखरीत एका जागी जरा पोकळी लागली, बंद खोलीचं दार उघडल्यावर लागते तशी. आत पंखा होता. फिरताना एका पात्याला टिक् असा आवाज करणारा. तो पंखा मी ओळखतो, शाळेतून आल्यावर त्याच्याखाली बसून मी गृहपाठ केलाय. लांब कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. मग माइकच्या अगदी जवळ, "सात."

तो बाबांचा आवाज होता. झटक्याच्या आधीचा, भरदार, 'स' जरा घासून म्हणणारा. दोन वर्षांनी तो कानावर पडला आणि मी रडलो, सरळ सांगतो. मागे बघितलं तर बाबा माझ्याकडे बघत होते आणि अंगठा मधल्या बोटावर गेला होता.

दुपारी फ्राउ केसलर आल्या. मी त्यांना फक्त अंगठा दाखवला. त्यांनी तो उचलला, सोडला, तो लाकडासारखा पडला. "इथे काही हलत नाही, मिस्टर चंद्रशेखर," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिसेसने तेल लावताना ठेवला असेल." बाई गेल्या, आणि मी बघितलं तर अंगठा पुन्हा त्याच पेरावर होता.

५

बुधवारी आठ ऐकल्यावर मी राजाभाऊंना फोन लावला. राजाभाऊंचं घड्याळांचं दुकान बाबांच्या दुकानाला लागून होतं. झटका आला तेव्हा तेच धावले होते. दोन वर्षांत मी त्यांना त्या दिवसाबद्दल कधी विचारलंच नव्हतं, आणि मुलगा म्हणून याची मला लाज वाटली.

"काय सांगू शेखर," ते म्हणाले. "मंडळाचा लाउडस्पीकर आला होता दुरुस्तीला. भास्करराव माइक तपासत होते. मी इकडे चष्मा लावून बसलेलो. ऐकू येत होतं की सगळं. लाभ, दोन, तीन. आणि मग काहीच नाही. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. पण मनात खटकलं, कारण तुझा बाप तिनावर कधी थांबत नाही. म्हणून तर उठलो मी."

"किती वाजले होते, काका?"

"घड्याळजीला विचारतोस होय? दहा वीस."

मी फोन ठेवला. त्या दिवशी मी कामाला गेलो नाही. डोक्यात एकच गणित फिरत होतं. बाबांचं मोजणं तिनावर अडकलं होतं, आणि ते आता पुढे सरकतंय. गुरुवारी नऊ, शुक्रवारी दहा, शनिवारी वर एक. शनिवारी बाबा बोलणार. इंजिनिअर माणसाने असं मानू नये हे मला कळत होतं, पण मला माझ्या बापासाठी खिडकीची खोली हवी होती.

६

नीताला गुरुवारी सगळं सांगितलं. तिने नऊ ऐकला, पंखा ऐकला आणि साबणदाणी टेबलावरून दूर सरकवली.

"हे मी वेर्टश्टॉफहोफला टाकून येते," ती म्हणाली. भंगार द्यायची जागा आहे ती, गावाबाहेर. "मोजून संपल्यावर काय होतं ते माहितीये तुला? बाबा बोलतील कशावरून? बाबा जातील कशावरून नाही?"

"अंगठा बघ. दोन वर्षांनी काहीतरी हलतंय त्यांच्यात."

"मला तेच आवडत नाहीये, शेखर."

"शनिवारपर्यंत थांब. मग तूच टाकून ये."

तिने साबणदाणी पुन्हा जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "तूही त्या दिवशी तिनावरच सोडलंस ना? मी किचनमध्ये होते. तू आधी तुझं पुरं कर. आत्ता माइक हातात घे आणि चारपासून अकरापर्यंत म्हण."

हा विचार मला बुधवारीच शिवून गेला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या मागोमाग दुसरा आला होता. मी तिनावर सोडलं तेव्हाच बाबांचा चार आला. माझं तीन हे बाबांच्या मोजण्याचं दार असेल, आणि मी पुरं मोजलं की ते लागलं तर? नऊ झाले होते. दोनच राहिले होते.

"शनिवारी," मी म्हटलं. "त्यांचं झालं की लगेच माझं करतो."

शुक्रवारी दहाचा आकडा ऐकायला आम्ही दोघं कान लावून बसलो. पंखा, पात्याची टिक्, आणि आज खोलीत आणखी कोणीतरी. मोजणाऱ्याच्या मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि कोणीतरी श्वास घेत बसलं. नाकातून बारीक शिट्टी येणारा श्वास. नीताने माझ्याकडे बघितलं. मे-जूनमध्ये परागांनी माझं नाक चोंदतं आणि झोपेत मी असाच वाजतो, त्यावरून ती मला चिडवते. मी श्वास रोखून धरला. शिट्टी चालूच राहिली.

"दहा," बाबा म्हणाले.

७

शनिवारी दहा वाजल्यापासून आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. उर्जाला काही सांगितलं नव्हतं, ती गालिच्यावर चित्र रंगवत होती. खिडकी उघडी होती आणि खाली कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. बाबांचा अंगठा तर्जनीच्या खालच्या पेरावर होता. मी सेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

दहा वीसला पंख्याचा आवाज थांबला. आत कोणीतरी बटण बंद केल्यासारखा.

"अकरा."

हा आवाज साबणदाणीतून आला आणि खुर्चीतूनही आला. उर्जाने मान वर केली. "आजोबा हाट गेरेडेट," ती शांतपणे म्हणाली, म्हणजे आजोबा बोलले. नीताच्या हातातला कप खाली पडला. बाबांनी ओठ चाटले, चव घेतल्यासारखे, आणि म्हणाले, "चहा नको. पाणी दे गं."

नीता रडतच आत धावली. मी त्यांचे पाय धरले. ते खूप वेळ माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवत बसले होते, आणि मग तो हात एकदम थांबला.

"चंदू," ते म्हणाले. "तू किती मोजलंस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कोरड्या नळासारखं झालं, तोटी फिरवली आणि आत नुसती हवा. मी बोटं वर केली. तीन.

८

त्याला आज सोळा दिवस झाले. स्टुटगार्टला सगळ्या तपासण्या केल्या. मेंदू स्वच्छ, स्वरयंत्र स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, भावनिक धक्का. फ्राउ केसलर आता आठवड्यातून दोनदा माझ्यासाठी येतात, मी आ, ऊ, ई करतो आणि नुसता वारा निघतो. नीता माझ्यावर तीन दिवस रागावली होती, चौथ्या दिवशी तिने काही न बोलता माझ्या खिशात वही-पेन ठेवलं. बाबांनी वृद्धाश्रमात स्वतः फोन करून खिडकी कोणत्या बाजूला आहे ते विचारलं.

सेट गप्प आहे. मध्यम लहरींवर खरखर, बस. माझा चार कुठेच येत नाही, कारण कोणी नव्याने तिनावर सोडलेलं नाही. हा माझा अंदाज आहे, सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, आणि सिद्ध करायची इच्छाही नव्हती. गेल्या मंगळवारी मी स्वयंपाकघरातून आलो तर उर्जा सेट तोंडापाशी धरून उभी. "आइन्स, त्स्वाय," म्हणजे एक, दोन, एवढं तिने म्हटलं होतं. मी तो तिच्या हातातून हिसकावला. तिच्या नखाला लागलं, ती रडली, आणि मला तिला का ते सांगता येईना. सेट मी केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या खोलीत, लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवला.

९

या आठवड्यात केरवोखंची पाटी आमच्या दाराला आहे. या भागात जिन्याची झाडलोट प्रत्येक घराकडे पाळीने एकेक आठवडा येते. तुमचं झालं की पाटी पुढच्या दाराला लावायची, आणि टाळायची म्हणाल तर सगळी बिल्डिंग नजरेने मारते. आज सकाळी मी जिना झाडत पहिल्या मजल्यापर्यंत आलो होतो. खालून, तळघराच्या दारातून आवाज आला.

"लाभ. दोन. तीन."

झाडू टाकून धावलो. बाबा पेटीवर बसले होते, काठी भिंतीला टेकलेली, माझ्या किल्ल्या मांडीवर. एका पायावर इतके जिने ते कसे उतरले देव जाणे. सेट त्यांच्या तोंडापाशी होता आणि ओठ मिटलेले. मी त्यांचा उजवा हात पकडला, अंगठा करंगळीवरून ओढून अनामिकेच्या पेरावर दाबला. चार. म्हणा, बाबा. चार म्हणा. माझ्या तोंडातून वारा निघत राहिला.

त्यांनी मान हलवली. "मापाड्याचा पोर मी. जन्मात एकदाच अर्धं टाकलं, आणि ते तुझ्या जिवावर पुरं झालं. हे बरोबर नाही." मग जरा हसले. "सात दिवस आहेत माझ्याकडे. खूप बोलायचंय. वर चल, चहा टाक."

सेटमध्ये खरखर झाली. खरखरीत एक खोली उघडली, आणि त्या खोलीत माझा आवाज, सर्दीने जरा चोंदलेला, म्हणाला, "चार."

बाबा आत्ता आत बसून उर्जाला दुकानातल्या गोष्टी सांगतायत. मी इथे टेबलाशी बसून हिशेब केला. व्हिसाला एकोणीस दिवस आहेत. माझा वर एक व्हायला सात. त्यांचा व्हायला पुन्हा सात. पाच दिवस उरतात, म्हणजे ते बोलत बोलत विमानात बसतील. नीताला हे वाचायला देणार नाही. पुढच्या सोमवारी दहा वीसला माझा आवाज परत येईल, आणि तो आला की पहिल्यांदा काय म्हणायचं ते माझं ठरलंय. लाभ, दोन, तीन. तेवढंच.